तबकडीवर नसलेले भास्करबुवा

(माजिवडा, ठाणे येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते पेशाने शिक्षक आणि वृत्तीने कानसेन होते. त्यामुळे विषय ठरवताना मला फार डोके खाजवावे लागले नाही. नाट्यसंगीतावर बोलायचे हे लगेच ठरले. पण नाट्यसंगीतावरची आपली व्याख्याने बहुधा गायकांवर होतात. बालगंधर्वांचा स्वर, मास्टर दीनानाथांची तडफ, वसंतराव देशपांड्यांची तान, या सगळ्यांवर आपण मनसोक्त बोलतो आणि ते बोलायलाच हवे. आज मात्र मी गाणाऱ्यांच्या आडून चाल देणाऱ्यांविषयी बोलणार आहे. त्यातही मुख्यतः एकाविषयी, भास्करबुवा बखले यांच्याविषयी.

बाहेर माजिवड्याच्या उड्डाणपुलाखाली घोडबंदर रोडची आणि महामार्गाची वाहने एकमेकांना हॉर्न देत आहेत. त्या आवाजावर मात करून शंभर वर्षांपूर्वीच्या खरखरत्या तबकड्या ऐकवायच्या, म्हणजे आज ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्यांची परीक्षाच आहे. त्यांना आधीच धन्यवाद देऊन ठेवतो.

भास्करबुवांचा जन्म १८६९ सालचा, बडोदे संस्थानातल्या कठोर गावचा. मृत्यू ८ एप्रिल १९२२. लहानपणी ते किर्लोस्कर नाटक मंडळीत होते, ‘रामराज्यवियोगा’त कैकेयी करीत. पुढे आवाज फुटला आणि रंगभूमी सुटली. मग त्यांनी बडोद्याच्या फैज महंमद खाँसाहेबांकडे, आग्रा घराण्याच्या नथ्थन खाँसाहेबांकडे आणि शेवटी अल्लादिया खाँसाहेबांकडे तालीम घेतली. १९११ साली त्यांनी पुण्यात भारत गायन समाज सुरू केला. लोक त्यांना देवगंधर्व म्हणत. आपल्या शेजारी कल्याणात १९२६ पासून चालत आलेला कल्याण गायन समाज आहे, तो आपल्या महोत्सवाला आजही ‘देवगंधर्व’ हेच नाव देतो. महोत्सवाला आपल्यापैकी बरेच जण जातात. पण तिथे बसलेल्या शंभर जणांना विचारा, भास्करबुवांचे गाणे कधी ऐकले आहे का? उत्तर एकच येईल, कारण त्यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका नाही.

आणि हे ध्वनिमुद्रण माहीत नसलेल्या काळात घडलेले नाही. १९०२ साली फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन आला आणि गौहरजानचे गाणे मेणावर उतरले. त्यानंतर भास्करबुवा जवळजवळ वीस वर्षे हयात होते आणि गात होते. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या पहिल्या काळातच तबकड्या दिल्या. भास्करबुवांची तबकडी नाही, त्यांचे गुरू अल्लादिया खाँसाहेबांचीही नाही. तेव्हा या माणसाच्या कलेचा पुरावा शोधायचा कुठे? शिष्यांच्या आठवणींत आहे, गोविंदराव टेंबे यांच्या लेखनात आहे. पण कानाने ऐकता येईल असा पुरावा एकच आहे, तो म्हणजे त्यांनी दिलेल्या चाली इतरांच्या आवाजात. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की एकच पद चार जणांच्या आवाजात ऐकावे, आणि त्या चौघांत जे समान उरते तिथे चाल देणारा सापडतो. भास्करबुवांना ऐकायचा दुसरा रस्ता आपल्याकडे नाही.

हे कसे करायचे ते ‘स्वयंवरा’वरून पाहू.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘संगीत स्वयंवर’ गंधर्व नाटक मंडळीने १९१६ साली रंगभूमीवर आणले. मंडळी तेव्हा तीन वर्षांची होती. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी हा संसार मांडला. ‘स्वयंवर’ म्हणजे रुक्मिणीची गोष्ट, आणि रुक्मिणी म्हणजे बालगंधर्व. चाली भास्करबुवांच्या.

आता चाल देणे म्हणजे तेव्हा काय होते, हे जरा जवळून पाहायला हवे. जुन्या संगीत नाटकाचे छापील पुस्तक कधी हातात घेतले असेल तर आठवा. प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात एक ओळ असते, राग, ताल, आणि मग ‘चाल’ असे लिहून पुढे मूळ चिजेचे पहिले दोन-तीन शब्द. म्हणजे चीज आधी, पद नंतर. गवई चीज निवडणार, नाटककार तिच्या वजनात मराठी शब्द बसवणार. खाडिलकरांच्या पदांतली भाषा क्लिष्ट आहे, शब्द अवघडून बसले आहेत, अशी तक्रार त्यांच्या हयातीपासून चालत आली आहे. ती खोटी नाही. पण त्या अवघडलेपणामागे चिजेची मात्रा आहे. जिथे चीज दीर्घ स्वरावर थांबते तिथे दीर्घ अक्षर हवे, जिथे ती धावते तिथे लघू अक्षरांची रांग हवी. वाचताना जे पद खडबडीत वाटते ते गाताना सरळ जाते, याचे कारण ते कागदासाठी लिहिलेलेच नाही.

भास्करबुवांचे कसब आधी निवडीत दिसते. ‘नाथ हा माझा’ यमनात, ‘स्वकुलतारक सुता’ भीमपलासात, ‘मम आत्मा गमला’ बिहागात, ‘सुजन कसा मन चोरी’ भूपात. यात एकही अनवट राग नाही. ज्याने तीन घराण्यांची तालीम घेतली, ज्याच्या पोतडीत अप्रसिद्ध रागांच्या चिजा खच्चून भरलेल्या होत्या, त्याने नाटकासाठी चारचौघांच्या ओळखीचे राग काढले. थिएटरात समोर दोन-तीन जाणकार आणि बाकी सगळा संसारी माणूस बसलेला असतो, हे कैकेयी केलेल्या माणसाला कोणी सांगायला नको होते. राग ओळखीचा ठेवला की प्रेक्षकाचे लक्ष रागाच्या कोड्यात अडकत नाही, ते रुक्मिणीकडे राहते. पण ओळखीच्या रागाला त्यांनी ख्यालाची ऐसपैस बैठक दिली. किर्लोस्करांच्या साध्या, साकी-दिंडीच्या वळणाच्या पदांपासून रंगभूमी इथवर आली, त्यात हे पाऊल फार मोठे होते.

आता पहिली तबकडी ऐकू.

(येथे बालगंधर्वांच्या आवाजातील ‘नाथ हा माझा’ची ध्वनिमुद्रिका ऐकवण्यात आली.)

तीन मिनिटे आणि काही सेकंद. रंगभूमीवर हेच पद वन्स मोअर घेत किती लांबेल याला नेम नसे. नाटक रात्री सुरू होई आणि पहाटे संपे, ते काही संवाद लांबल्यामुळे नव्हे. मंडळीत तबल्याला अहमदजान तिरखवाँ, सारंगीला कादरबक्ष. अशी साथ मिळाल्यावर कोण आवरते घेईल? दहा इंची तबकडीने मात्र बालगंधर्वांना आवरायला लावले. त्या आवरण्यात काय टिकले ते पाहा. शब्द टिकला. एकेक अक्षर स्वच्छ. लांब आलाप गेले, मोठ्या ताना गेल्या. मुखडा पुन्हा पुन्हा आला आणि दर वेळी लयीत किंचित वेगळ्या जागी ठेवला गेला, पण समेवर चुकून इकडचा तिकडे झाला नाही. बालगंधर्वांच्या लयकारीविषयी जाणकार इतके का बोलतात ते या तीन मिनिटांत समजते. ते ताल दाखवत नाहीत, तालाशी लडिवाळपणा करतात.

आता दुसरा आवाज. जयराम आणि जयमाला शिलेदारांनी १९४९ साली ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था काढली आणि कंपन्या बुडाल्यानंतरच्या काळात ही नाटके उभी ठेवली. त्यांच्या कन्या कीर्ती शिलेदार यांनी ‘स्वयंवरा’तली रुक्मिणी वर्षानुवर्षे केली. इथे एक मोठा फरक झाला. स्त्रीभूमिकेतल्या पुरुषाने गाजवलेले पद स्त्रीच्या तोंडी आले. आवाजाची जात बदलली, पट्टी बदलली, लाजण्याची आणि ठसक्याची तऱ्हा बदलली.

(येथे कीर्ती शिलेदार यांच्या आवाजातील त्याच पदाचा अंश ऐकवण्यात आला.)

तिसरी वाट कुमार गंधर्वांची. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा त्यांचा कार्यक्रम आणि पुढे आलेली ध्वनिमुद्रिका आपल्यापैकी अनेकांनी ऐकली आहे. नावातच त्यांनी सांगून टाकले की ही नक्कल नाही. त्या काळी बालगंधर्वांची नक्कल करणारे गल्लोगल्ली होते. कुमारांनी तो मोह टाळला, आणि पदाला मुळात बंदिश म्हणून हात घातला. शब्दांवरचा जोर त्यांनी स्वतःच्या पद्धतीने बदलला, मोकळ्या जागा सोडल्या. बालगंधर्वांच्या गाण्यात जी गोष्ट त्यांना अभिनयाआड दिसली, ती त्यांनी अभिनय काढून घेऊन समोर ठेवली.

चौथा आवाज आपल्या पिढीचा. २०११ साली ‘बालगंधर्व’ हा चित्रपट आला. पडद्यावर सुबोध भावे, आवाज भीमसेन जोशींचे शिष्य आनंद भाटे यांचा. या चित्रपटातल्या गायनासाठी भाट्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इथे ध्वनिमुद्रण स्टुडिओतले, माइकला श्वाससुद्धा ऐकू जातो असे.

आता या चौघांना शेजारी शेजारी ठेवा. आवाज वेगळे, घराणी वेगळी, यंत्रे वेगळी, काळ वेगळा. समान काय उरले? मुखड्याची बांधणी, सम कुठल्या अक्षरावर पडते ती जागा, अंतरा कुठून उठतो आणि कुठल्या वळणाने पुन्हा घरी येतो तो रस्ता. यांना कोणी धक्का लावत नाही. कुमारांसारखा बंडखोरही लावत नाही. हाच भास्करबुवांचा भाग. बाकीच्या खोल्या ज्याने त्याने आपल्या सवडीने सजवाव्यात, पण भिंती त्यांनी उभ्या केल्या तशाच. आणि इतक्या वेगवेगळ्या गायकांना त्या घरात राहता आले, याचे कारण मला त्यांच्या तालमीत दिसते. ज्याने स्वतः तीन घराण्यांची अंगे पचवली, त्याची चाल एका घराण्याच्या गळ्यासाठी अरुंद होत नाही. आग्र्याच्या लयकारीला तिथे जागा आहे, स्वर लावून धरणाऱ्याला आहे, पेचदार तानेलाही आहे.

एक सावधगिरीही सांगतो, कारण तबकड्यांवरून निष्कर्ष काढताना भली भली माणसे घसरतात. यंत्राचा वाटा वेगळा काढायला हवा. १९२५ पर्यंत सगळे ध्वनिमुद्रण कर्ण्यासमोर होई. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचे, पेटीवाला किती दूर बसेल ते ध्वनिमुद्रण करणारा साहेब ठरवणार. विजेवरचा माइक त्यानंतर आला. त्यामुळे जुन्या तबकडीतला आवाज चिरका वाटला, तर आधी दोष कर्ण्याला द्या. दुसरी गोष्ट वेगाची. आपण सर्रास ‘अठ्ठ्याहत्तरची’ म्हणतो, पण सगळ्या जुन्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत. ७४ वर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली की पट्टी साधारण अर्ध्या स्वराने चढते आणि लयही वाढते. मग आपण म्हणतो, काय तयारी होती हो! तयारी होतीच, पण त्यातली थोडी मोटरची होती. तिसरी गोष्ट रागांची. बिहागात तीव्र मध्यमाचा वापर पूर्वी जपून होई, आता तो सढळ झाला आहे. जुन्या आणि नव्या ‘मम आत्मा गमला’त तुम्हाला तिथे फरक जाणवला, तर तो चालीतला मानू नका. तो काळाने केलेला बदल आहे.

अनेक आवाजांची हीच कसोटी गोविंदराव टेंब्यांना लावून पाहू, म्हणजे ती फक्त भास्करबुवांपुरती नाही हे पटेल. गोविंदराव भास्करबुवांच्या साथीला पेटी वाजवत आणि त्यांना गुरुस्थानी मानत. १२ मार्च १९११ रोजी मुंबईच्या रिपन थिएटरात ‘मानापमान’ आले, त्याच्या चाली गोविंदरावांच्या. त्यांनी ख्यालाऐवजी पूरब अंगाच्या ठुमरी, दादरा, कजरी यांच्याकडे मोर्चा वळवला. ठुमरीला एकच शब्द दहा अर्थांनी म्हणायची सवय असते, नाटकाला नेमके तेच हवे असते. बालगंधर्वांची भामिनी ‘नाही मी बोलत’ म्हणते तेव्हा ते रुसणे ठुमरीच्या अंगणातून आलेले असते. त्याच नाटकातला धैर्यधर पुढे बळवंत संगीत मंडळीत मास्टर दीनानाथांनी केला. दीनानाथांचा गळा फेकीचा, तान विजेसारखी, पंजाबी ढंगाची. त्यांचे ‘चंद्रिका ही जणू’ आणि ‘रवि मी’ ऐका. मग ‘रवि मी’ वसंतराव देशपांड्यांच्या आवाजात ऐका, ‘चंद्रिका’ आशा भोसल्यांच्या. वसंतरावांनी दीनानाथांचा आवेश घेतला आणि त्यात आपली गणिते घातली. आशाबाईंनी वडिलांची, म्हणजे दीनानाथांची, तान सुगम संगीताच्या शिस्तीत बसवून दाखवली. एकाच नाटकातली ही पदे बालगंधर्वांच्या लाडिकपणालाही पुरली आणि दीनानाथांच्या दणक्यालाही पुरली. ८ जुलै १९२१ च्या ‘संयुक्त मानापमाना’त, टिळक स्वराज्य फंडासाठी, बालगंधर्व आणि केशवराव भोसले समोरासमोर उभे राहिले, तेव्हा लोक दोन गायकांची जुगलबंदी म्हणून गेले. चाली दोघांनाही टेंब्यांनी पुरवल्या होत्या, हे त्या रात्री किती जणांच्या मनात असेल?

इथे माझ्या तक्रारीकडे येतो. तबकडीने आपल्यावर मोठे उपकार केले. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला, त्यात खुद्द गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले, संगीतही त्यांचेच. बोलपटाने हळूहळू नाटक कंपन्यांचे तंबू उठवले. नाटके बंद झाली तरी पदे जगली, ती तबकडी आणि पुढे रेडिओ यांच्यामुळे. पण तबकडीने पदाला नाटकापासून सोडवताना एक गोष्ट गाळली. लेबल गोल, तीन इंचांचे. त्यावर कंपनीचे चित्र, गायकाचे नाव ठळक, पदाचे पहिले शब्द, कधी नाटकाचे नाव, कधी राग. चाल देणाऱ्याला जागा उरलीच नाही. कॅसेट आली, तिने लेबलवरून नक्कल केली. आता मोबाइलवर तेच पद लावले तर रचनाकाराच्या रकान्यात अनेकदा ‘पारंपरिक’ असते किंवा काहीच नसते.

याची किंमत काय पडते, त्याचे आपल्या ठाण्यातले उदाहरण देतो. तलावपाळीसमोरच्या आपल्या नाट्यगृहाला राम गणेश गडकऱ्यांचे नाव आहे. १९७८ पासून आपण तिथे नाटके पाहतो. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ सगळ्यांना ठाऊक. पण त्यातली पदे गडकऱ्यांची नाहीत. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले, नाटक त्यानंतर रंगभूमीवर आले, आणि पदे लिहिली विठ्ठल सीताराम गुर्जरांनी. चालींचे काय? बालगंधर्वांच्या सिंधूच्या तोंडची जी पदे ऐकून महाराष्ट्राने डोळे पुसले, त्यांतल्या काहींच्या चाली सुंदराबाई जाधव यांनी दिल्या. पुण्याच्या सुंदराबाई, लावणी, ठुमरी, गझल गाणाऱ्या, स्वतःच्या ढीगभर तबकड्या देणाऱ्या, ‘माणूस’ चित्रपटात आईचे काम करणाऱ्या. बैठकीत गाणाऱ्या बाईकडून चाली घ्यायला बालगंधर्वांना कमीपणा वाटला नाही. कमीपणा आपल्या सूत्रसंचालकांना वाटतो की काय कोण जाणे, कारण ‘कशी या त्यजू पदाला’ सादर होताना मी त्यांचे नाव क्वचितच ऐकतो. ज्या काळात सभ्य घरातल्या बाईला प्रेक्षागृहात बसायलाही विचार करावा लागे, त्या काळात एका स्त्रीने मराठी रंगभूमीला चाली दिल्या, हा आपल्या इतिहासातला मोठा मजकूर आहे. तो आपण लेबलवर जागा नव्हती म्हणून विसरलो.

हे सगळीकडे असेच होते का? अमेरिकेत नाही. तिथेही तो काळ संगीत नाटकांचाच, ब्रॉडवेचा. कोल पोर्टर, जॉर्ज गर्श्विन, रिचर्ड रॉजर्स ही मंडळी नाटकांसाठी गाणी करीत होती. त्यांचीही नाटके मागे पडली आणि गाणी उरली. पण १९१४ सालीच तिथल्या रचनाकारांनी आपल्या हक्कांसाठी संघटना बांधली, आणि गाणे स्वरलिपीसह छापून विकले जाई, त्यावर रचनाकाराचे नाव असे. १९५६ साली नॉर्मन ग्रान्झ या निर्मात्याने एला फिट्झजेराल्ड या थोर गायिकेकडून कोल पोर्टरची गाणी गाऊन घेतली आणि अल्बमला नाव दिले ‘कोल पोर्टर साँग बुक’. पुढे १९६४ पर्यंत ही मालिका चालली. रॉजर्स आणि हार्ट, अर्व्हिंग बर्लिन, गर्श्विन, एकेकाचे स्वतंत्र अल्बम. गायिका तीच, नाव मात्र दर वेळी रचनाकाराचे. आज तिथला साधा श्रोताही सांगतो की मला गर्श्विन आवडतो, मग तो कोणी गायलेला का असेना. आपल्याकडे ‘मला भास्करबुवा आवडतात’ असे म्हणणारा श्रोता मला अजून भेटायचा आहे. आपले सगळे संच गायकांच्या नावाचे. ‘स्वयंवरा’ची पदे वेगवेगळ्या आवाजांत एकत्र देणारा, भास्करबुवांच्या नावाचा संच निघायला कोणाची हरकत होती?

आता ठाण्याकडे परत येतो, कारण भास्करबुवांची ओळ थेट ठाण्यापर्यंत आलेली आहे. त्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर. ते गंधर्व मंडळीत होते, पुढच्या नाटकांना त्यांनी चाली दिल्या, ‘कान्होपात्रा’ त्यांचेच. मास्टर कृष्णरावांकडे शिकलेले पंडित राम मराठे हे आपले ठाणेकर. लहानपणी प्रभातच्या ‘गोपाळकृष्ण’ चित्रपटातला कृष्ण आणि मोठेपणी १९६३ च्या ‘मंदारमाला’ नाटकाचे संगीतकार. ‘मंदारमाला’त ते स्वतः गायले आणि प्रसाद सावकारांनाही गायला लावले. त्यांच्या नावाचा संगीत समारोह आपली महापालिका भरवते. भास्करबुवा, मास्टर कृष्णराव, राम मराठे, ही तीन नावे ओळीने घेतली की लक्षात येते, ज्यांची तबकडी नाही त्यांचे गाणे तीन पिढ्यांत आपल्या गडकरी रंगायतनापर्यंत चालत आले.

आणि या सगळ्याचा कळस पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी केला असे मला वाटते. १९६४ चे ‘मत्स्यगंधा’, मग ‘ययाति आणि देवयानी’, आणि १९६७ चे पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’. अभिषेकींनी पदे थोडी केली, आटोपशीर केली. त्यांची पदे गाणाऱ्या रामदास कामतांच्या तबकड्या ऐका, तीन-चार मिनिटांत पूर्ण मैफल असते. तबकडीने घातलेली मर्यादा त्यांनी रचनेतच मुरवली. ‘कट्यार’मध्ये तर त्यांनी माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषयच रंगभूमीवर मांडला. ‘घेई छंद मकरंद’ नाटकातले पंडितजी गातात ते संथ, ध्यान लावल्यासारखे. तेच शब्द नाटकातले खाँसाहेब गातात ते झपाट्याने, आव्हान देत. भार्गवराम आचरेकर आणि वसंतराव देशपांडे, एका पदाचे दोन चेहरे. दोन्ही चेहरे एकाच माणसाने घडवलेले. २०१५ च्या चित्रपटात शंकर महादेवन आणि राहुल देशपांडे यांनी तेच पद पुन्हा गायले, आणि ज्यांनी नाटक पाहिलेले नव्हते त्या कॉलेजातल्या मुलांच्या फोनवर ते पोचले. त्यातल्या एखाद्याने जरी ‘ही चाल कुणाची?’ असे विचारले असेल, तरी अभिषेकींचे काम पुढे गेले.

अभिषेकींचे नशीब एवढ्यापुरते चांगले, की त्यांच्या काळात श्रेयनामावली रुळली होती आणि त्यांचा स्वतःचा आवाजही मुद्रित आहे. भास्करबुवांना यातले काहीच लाभले नाही; सुंदराबाईंचा आवाज उरला, पण चालींचे श्रेय नाही. त्यांचे श्रेय आपल्यालाच सांभाळायचे आहे. म्हणून शेवटी दोन-तीन कामाच्या गोष्टी सांगून थांबतो.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर आजही तबकड्या आहेत. इमारत पुनर्विकासाला गेली की आधी त्या भंगारात जातात. कृपा करून जाऊ देऊ नका. त्या लाखेच्या असतात, स्पिरिटने पुसल्या तर विरघळतात. मऊ कोरड्या फडक्याने धूळ काढा, आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. लेबलवरचा क्रमांक आणि लेबलाशेजारी लाखेत कोरलेला क्रमांक, दोन्ही वहीत उतरवा. कोरलेल्या क्रमांकावरून ध्वनिमुद्रण कधीचे ते जाणकारांना ठरवता येते. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था हे काम निष्ठेने करते आहे, अशा संस्थांपर्यंत तुमची यादी पोचवा.

गायन क्लास चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की विद्यार्थ्याला नाट्यपद शिकवण्याआधी ते निदान तीन आवाजांत ऐकवा. एकच आवाज ऐकवला की नक्कल शिकते पोर. तीन ऐकवले की चाल कुठली आणि गायकाची भर कुठली, हे त्याचे त्याला कळते.

आणि कार्यक्रम भरवणाऱ्यांना, या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनाही, एक मागणे आहे. पुढच्या वर्षी नाट्यसंगीताची एक संध्याकाळ ठेवा आणि पत्रिकेवर ठळक अक्षरांत छापा: भास्करबुवा बखले यांची पदे. गायक कोण ते त्याखाली, थोड्या लहान टाइपात. गायकांना राग येणार नाही, मी त्यांना ओळखतो. निवेदकाने प्रत्येक पदाआधी चाल देणाऱ्याचे नाव घ्यावे, मग गाणाऱ्याचे. एवढे केलेत तरी शंभर वर्षांच्या लेबलांनी केलेला अन्याय थोडा तरी भरून निघेल.